विळा कीं तरवार? जुन्या पात्याची ओळख कशी पटवावी

जुनें घर उतरवितांना, विहिरीचा गाळ काढतांना किंवा बांध फोडून जमीन सपाट करतांना एखादी गंजलेली लोखंडी वस्तु हातीं लागते. ती धड विळा नसते, धड सुरीही नसते. एका बाजूस धार असावी असें वाटतें, मध्यें एकदोन लांब खोबणी दिसतात, आणि टोंकास एखादें भोंक किंवा मोडलेली शेपटी असते. घरांतील वडील माणसें म्हणतात, ही कोणा पूर्वजाची तरवार. लोहार म्हणतो, हा मोडका कोयता. भंगारवाला कांहींच बोलत नाहीं. तो ती तागडींत टाकून मोकळा होतो.

या तिघांपैकीं खरें कोण, हें ठरविण्याचे साधे उपाय पुष्कळांस ठाऊक नसतात व त्यामुळें दोन्ही अंगांनीं हानि होते. दोनतीनशें वर्षांचें पातें किलोच्या भावानें भट्टींत जातें. उलटपक्षीं मोटारीच्या कमानपाट्यापासून केलेला कोयता ‘शिवकालीन’ म्हणून भोळ्या माणसाच्या गळ्यांत बांधला जातो. शिवाय कित्येकजण वस्तु उजळावी म्हणून ती सहाणेवर धरतात किंवा तेजाबांत बुडवितात, आणि ज्या खुणांवरून तिची ओळख पटली असती त्या आपल्याच हातानें पुसून टाकतात. हें टळावें म्हणून, विशेष उपकरणांवांचून कोणाही शेतकऱ्यास करतां येईल अशी पाहणीची रीत येथें क्रमानें दिली आहे.

पात्याचें अवजार कां होतें?

आज लोखंड स्वस्त आहे, म्हणून मोडक्या वस्तूची कोणी फारशी पर्वा करीत नाहीं. कारखान्यांतील पोलाद बाजारांत येण्यापूर्वीं गोष्ट निराळी होती. देशी भट्टींत दगडापासून निघणारें लोखंड मऊ असे. त्यांत कर्ब इतका थोडा कीं त्यास पाणी देऊन कठीण करतां येत नसे. विळ्याकुऱ्हाडीचें अंग अशा मऊ लोखंडाचें करून केवळ धारेच्या कांठास पोलादाची अरुंद पट्टी सांधीत. तरवारीच्या पात्याचें तसें नव्हे. चांगलें पातें बहुतेक सबंध पोलादाचें असे. तेलंगणांतील कोनासमुद्रम् सारख्या गांवीं मुशींत वितळवून केलेलें पोलाद तर इराणपर्यंत जात असे. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा १ ते २ च्या दरम्यान असे.

म्हणून तरवार मोडली तरी तिचा तुकडा टाकून देण्याची वस्तु नव्हती. लोहाराच्या दृष्टीनें तें तयार पोलाद होतें. त्यापासून विळा, सुरी, विळीचें पातें, चांभाराची रांपी, चकमकीचें लोखंड अशी कोणतीही वस्तु थोड्या श्रमांत निघे. शस्त्रें करणारे कारागीरही हेंच करीत. याचा उत्तम दाखला तंजावरच्या मराठी राज्यांतील कट्यारींचा आहे. भोसल्यांच्या त्या गादीचें राज्य १८५५ मध्यें संपलें. तिच्या शस्त्रागारांतील पुष्कळ कट्यारींचीं पातीं मुळांत युरोपी तरवारींचीं आहेत. परदेशी पातें तोडून त्याचा तुकडा देशी मुठीच्या दोन पाखांमध्यें खिळ्यांनीं बसविलेला त्यांत स्पष्ट दिसतो, आणि मूळ तरवारीच्या खोबणीही तशाच राहिलेल्या असतात. अशा कट्यारी मद्रासच्या सरकारी संग्रहालयांत व न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आज पाहावयास मिळतात. राजाच्या शस्त्रागारांत जें घडलें तें खेड्यांतील लोहाराच्या भात्यापुढें घडूं नये, असें कांहीं कारण नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या रूपांतरास आणखी एक कारण मिळालें. १८१८ मध्यें पेशवाई गेली आणि शिलेदारी हा पोट भरण्याचा मार्ग राहिला नाहीं. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रें काढून घेण्याचें धोरण आलें, व १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें गुन्हा झाला. घरांत तरवार ठेवणें धोक्याचें. विळा ठेवण्यास मात्र कोणाची हरकत नव्हती.

साष्टीचीं पातीं

घाटकोपर, किरोळ व आसपासचीं गांवें साष्टी बेटांत मोडतात. १५३४ मध्यें वसईच्या तहानें हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि १७३९ मध्यें चिमाजी आपांनीं वसई सर केली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे अडीचशें वर्षांच्या आंत तीन सत्तांच्या फौजा या भूमीवरून गेल्या. पुढें १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली ती याच गांवांच्या शिवारांतून. आगगाडीबरोबर कानशी, कमानी, करवतीचीं पातीं असें कारखानी पोलाद आलें आणि तेंही लोहारांच्या हातीं पडूं लागलें.

या भागांत शेती भाताची, डोंगरउतारावर गवत, खाडीच्या बाजूस मिठागरें, आणि ताडमाडांच्या रांगा. भात कापण्यास विळा, ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यास रुंद पात्याचा कोयता, मासळी कापण्यास आगरीकोळ्यांच्या घरीं मोरळी. मोरळी म्हणजे देशावरची विळीच. इतक्या पात्यांची गरज असलेल्या ठिकाणीं मोडकें शस्त्र पडून राहणें संभवत नाहीं. १९५० मध्यें मुंबई महापालिकेची हद्द वाढून घाटकोपर शहरांत आलें आणि खाचरांच्या जागीं इमारती उठल्या. जुनीं घरें पडतात तेव्हां आढ्यावर खोंचून ठेवलेल्या अशा वस्तू बाहेर येतात. म्हणून साष्टींत सांपडलेल्या पात्याविषयीं पोर्तुगीज, मराठी व इंग्रजी या तीनही शक्यता मनांत धराव्या, आणि चौथी, म्हणजे आगगाडीच्या भंगाराची, कधींही विसरूं नये.

पाहणीचा क्रम

पहिला नियम हा कीं, प्रथम डोळ्यानें पाहावें, मग मोजावें, आणि घांसणें किंवा कापणें शेवटपर्यंत टाळावें. पुढील सात गोष्टी याच क्रमानें तपासाव्या.

(१) जाडी. पात्याची जाडी दोन्ही टोंकांस व मध्यें मोजावी. तरवारीचें पातें मुठीपाशीं जाड असून टोंकाकडे, म्हणजे पिपळ्याकडे, हळूहळू पातळ होत जातें. मुठीपाशीं ५–६ मिलिमीटर व टोंकाजवळ २–३ मिलिमीटर, असा फरक सामान्यतः पडतो. वस्तु तुकडा असली तरी हा उतार थोडाफार राहतो. पट्टीपासून केलेल्या कोयत्याची जाडी पाठीवर बहुधा सारखी असते.

(२) छेद. पातें आडवें कापलें तर कसें दिसेल, हें टोंकाकडून पाहून ठरवावें. एकधारी पात्याचा छेद पाचरीसारखा, एका बाजूस जाड व दुसरीकडे निमुळता असतो. दुधारी पात्याचा छेद मसुरीच्या डाळीसारखा, मध्यें फुगीर व दोन्ही कांठांस पातळ असतो. घरगुती अवजार दुधारी असण्याचें प्रयोजन क्वचितच असतें. यासाठीं मसुरी छेद दिसला कीं शस्त्राचा संशय बळावतो.

(३) खोबणी. तरवारीच्या पात्यावरील लांब खोबणी रक्त वाहून जाण्यासाठीं असतात असें लोक सांगतात; तें खरें नाहीं. पातें हलकें व्हावें, पण त्याचा ताठपणा कमी होऊं नये, हा त्यांचा उपयोग आहे. विळ्यास किंवा सुरीस अशा खोबणीची गरज नसते. कोठें शोभेची रेघ असली तर ती छिणीनें मारलेली, आंखूड व त्रिकोणी असते. खऱ्या खोबणीचा तळ गोलसर असून ती पात्याबरोबर सरळ धांवते. ही खोबण जर टोंकाशीं न संपतां एकाएकीं तुटली असेल, किंवा शेपटीच्या आंतपर्यंत गेली असेल, तर पातें पूर्वीं अधिक लांब होतें आणि मागाहून कापलें, याचा तो जवळजवळ निर्णायक पुरावा समजावा.

(४) धार व वांक. ही खूण शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणास लवकर कळणार नाहीं. वांकड्या तरवारीची धार बाहेरच्या वांकास असते. विळ्याची आंतल्या वांकास असते. त्यामुळें वांकडी तरवार जशीच्या तशी विळा होऊं शकत नाहीं. लोहारास एक तर ती तापवून उलट वांकवावी लागते, नाहीं तर जाड पाठ ठोकून तिची धार करावी लागते. सरळ दुधारी पात्यास मात्र हा त्रास नाहीं. तें हव्या त्या बाजूस वांकवावें. अशा पात्यापासून झालेल्या विळ्याचा बाहेरचा कांठही पातळ असतो, आणि हात कापूं नये म्हणून तो मुद्दाम बोथट केलेला किंवा ठोकून दुमडलेला आढळतो. ज्या विळ्याची पाठ पातळ आहे व तिजवर हातोडीच्या खुणा आहेत, तो विळा जन्मतः विळा नव्हता असें म्हणण्यास हरकत नाहीं.

(५) शेपटी व भोंकें. तरवारीची शेपटी मुठीच्या आंत राळ किंवा लाख ओतून बसवीत. शेपटीवर काळसर, ठिसूळ असा थर चिकटलेला असेल तर तो खरवडूं नये. तो पुरावा आहे. विळ्याची शेपटी लांकडी मुठींत ठोकण्यासाठीं निमुळती केलेली असते. विळीचें पातें पाटास खिळ्यानें जोडतात, म्हणून बुडाशीं भोंक असतें. भोंक गरम लोखंडांत सुंभ्यानें पाडलें असेल तर त्याची कड एका बाजूस उचललेली दिसते. सामत्यानें पाडलेलें भोंक सरळ कडांचें व साफ असतें. पहिला प्रकार लोहारकामाचा, दुसरा बहुधा कारखान्याचा.

(६) खुणा व अक्षरें. पात्यावर तिरपा उजेड पाडून पाहावें; सकाळीं दाराशीं येणारें ऊन यास उत्तम. नंतर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेंच घांसावी. डोळ्यास न दिसणारीं अक्षरें कागदावर उमटतात. युरोपी पात्यांवर धांवणारा लांडगा, मुकुट, क्रूस, किंवा कारागिराचें रोमन लिपींतील नांव आढळतें. लांडग्याची खूण जर्मन मुलुखांतील पसाऊ व झोलिंगेन येथील कारागिरांची. दांतेरी कडेच्या दोन विळ्या समोरासमोर ठेवल्यासारखी एक खूणही पुष्कळ पात्यांवर असते. ती मूळ इटलीकडील जेनोव्हाच्या नांवानें ओळखली जाते. तिची प्रतिष्ठा इतकी होती कीं देशी कारागीरही ती आपल्या पात्यांवर उठवीत. यासाठीं केवळ खुणेवरून पातें परदेशी ठरवूं नये.

(७) पोलादाची जात. गंजलेल्या भागावर लांकडाच्या तंतूंसारख्या रेघा दिसल्या तर तें घडाऊ मऊ लोखंड. धारेजवळ दोन रंगांचा सांधा दिसला तर पोलाद सांधलेलें देशी अवजार. सबंध अंग एकजीव असून बारीक खळग्यांनीं गंजलें असेल तर पोलादी पातें संभवतें. मुशीच्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, ज्यास जौहर म्हणतात, ती असते. परंतु लोहारानें पातें लाल-पिवळें होईपर्यंत तापविलें असेल तर ती नाहींशी होते. म्हणून जौहर न दिसणें हा उलट पुरावा नव्हे. ठिणगीची परीक्षा प्रसिद्ध आहे. मऊ लोखंडाची ठिणगी लांब व साधी, भरपूर कर्बाच्या पोलादाची दाट व फुलबाजीसारखी फुटणारी असते. पण या परीक्षेंत धातु झिजतो. पहिल्या सहा पाहण्यांत शस्त्राचा संशय आला असेल तर ही परीक्षा करूं नये.

फसविणाऱ्या वस्तू

पुढील वस्तू नेहमीं जुन्या शस्त्राचा भास उत्पन्न करतात.

मोटारीचा कमानपाटा. आजचे बहुतेक मजबूत कोयते याचेच. जाडी ६ ते १० मिलिमीटर व सर्वत्र सारखी. मधोमध बोल्टाचें साफ भोंक राहिलें असेल तर शंकाच नको.

कानस. जुन्या कानशीपासून सुऱ्या, रांप्या व चकमकीचीं लोखंडें करीत. ठोकून सपाट केली तरी दांत्यांच्या तिरप्या, समांतर रेघा कोठें ना कोठें उरतात. तिरप्या उजेडांत त्या दिसतात.

करवतीचें पातें. पातळ, सर्वत्र सारखें व लवचीक. एका कांठास दांतांचे अवशेष पाहावे. दांडपट्ट्याचें पातेंही लवचीक असतें, परंतु तें दुधारी व टोंकाकडे निमुळतें असतें.

संगीन. इंग्रजी फौजेच्या बंदुकीची संगीन कापून सुरी केलेली सांपडते. पात्याच्या बुडाशीं बारीक ठशानें मारलेले अंक, मुकुट किंवा बाण ही तिची ओळख. अंक असे ओळीनें छापलेले असले म्हणजे वस्तु कारखान्यांतील समजावी.

पिंपाची किंवा गांठीची पट्टी. मऊ, पातळ, रिबिटांच्या भोंकांची. हिला धार लावली तरी ती टिकत नाहीं.

चकमकीचें लोखंड. तीनचार इंच लांब, दोन्ही टोंकें शिंगांसारखीं वळविलेलीं, आणि एक कांठ झिजून आंत गेलेला, पण धार नसलेला. काड्यापेटी आल्यावर याचा उपयोग राहिला नाहीं, म्हणून आज कोणी ओळखीत नाहीं. हें मात्र खऱ्या तरवारीच्या तुकड्याचेंही असूं शकतें.

एक उदाहरण

वरील रीत प्रत्यक्ष कशी लावावी हें कळण्यासाठीं एक वस्तु कल्पूं या. घाटकोपराकडील जुन्या घराच्या आढ्यावर दहा इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब व साडेतीन सेंटिमीटर रुंद, किंचित् वांकविलेलें पातें सांपडलें. वजन सुमारें १८० ग्रॅम. एका टोंकास भोंक, दुसरें टोंक तासलेलें. मध्यें दोन समांतर खोबणी, त्या भोंकाच्या पलीकडे थेट कडेपर्यंत गेलेल्या. आंतल्या कांठास धार, बाहेरचा कांठ पातळ पण बोथट. एका टोंकास जाडी ५ मिलिमीटर, दुसऱ्यास ४.

आतां विचार करावा. जाडी एकसारखी नाहीं, म्हणून कमानपाटा नव्हे. लोखंडाचें वजन दर घन सेंटिमीटरास सुमारें पावणेआठ ग्रॅम असतें. लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारानें येणाऱ्या सपाट पट्टीचें वजन ३०० ग्रॅमांच्या वर गेलें असतें. वस्तु त्याहून बरीच हलकी आहे, अर्थात् तिचे कांठ पातळ आहेत व खोबणींनीं अंग पोखरलेलें आहे. खोबणी भोंकापलीकडे गेल्या आहेत, तेव्हां भोंक मागाहूनचें. दोन्ही कांठ पातळ, म्हणून मूळ पातें दुधारी. दहा इंचांत जाडी फक्त एक मिलिमीटरानें उतरली, म्हणजे हा तुकडा फार लांब पात्याच्या मुठीकडील अर्धाचा. भोंकाची कड उचललेली असली तर काम लोहाराचें.

यावरून इतकें निश्चयानें म्हणतां येईल कीं, ही सरळ दुधारी तरवारीच्या पात्यापासून केलेली विळी आहे. तरवार फिरंग होती कीं दख्खनी घडणीची, हें खूण सांपडेपर्यंत सांगतां येणार नाहीं. ती कोणाची, कोणत्या लढाईंत वापरली, हें तर वस्तु पाहून मुळींच सांगतां येणार नाहीं. जितकें दिसतें तितकेंच बोलावें, हा या कामांतील सर्वांत मोठा नियम आहे.

एका वस्तूचीं तीन वयें

अशा वस्तूस एकच वय नसतें. पातें घडलें तो काळ एक. त्यावर मूठ चढली तो दुसरा. आणि तें मोडून अवजार झालें तो तिसरा. यांत शंभर-दीडशें वर्षांचें अंतर सहज पडूं शकतें. मराठ्यांची फिरंग हें याचें ठळक उदाहरण होय. पातें युरोपांतलें, मूठ देशी. महाराष्ट्र शासनानें २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत घेतलेली नागपूरकर रघूजी भोसले यांची तरवार याच जातीची. तिचें पातें युरोपी बनावटीचें असून त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचें नांव व सेनासाहेबसुभा हा किताब आहे. तो लेख झिजला असता, किंवा उजळण्याच्या नादांत कोणी घांसला असता, तर ती एक निनांवी फिरंग ठरली असती.

दुसरा धडा वाघनखांचा. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें २०२४ मध्यें साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलीं. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून तीं त्या संग्रहालयांत गेलीं, आणि शिवाजी महाराजांशीं त्यांचा संबंध त्यांच्या पेटीवरील लेखांत सांगितला आहे. तथापि तींच नखें प्रतापगडच्या भेटींत वापरलीं गेलीं, हें पडताळून पाहतां येत नाहीं, असें ते संग्रहालय स्वतःच नमूद करतें. लोखंड आपली घडण सांगतें, आपला धनी सांगत नाहीं. धन्याचें नांव कागदावरून किंवा लेखावरून कळतें. म्हणून घरांत चालत आलेली हकीकत, ती खरी असो वा नसो, सांगणाऱ्याच्या नांवासह व तारखेसह लिहून वस्तूबरोबर ठेवावी. वृद्ध माणूस गेल्यावर ती कोठेंही मिळत नाहीं.

काय करूं नये व काय करावें

तेजाब, लिंबू, चिंच, सहाण, कागद व विजेचें घर्षणचक्र यांस हात लावूं नये. रंग किंवा रोगण देऊं नये. लोहाराकडे देऊन पुन्हा तापवूं नये. तापविलेल्या पात्याचें पाणी जातें आणि त्याबरोबर पुरावाही जातो. खोबरेल किंवा गोडें तेल लावूं नये. तें कालांतरानें चिकट होतें व त्यांत धूळ आणि ओल धरते.

प्रथम मऊ ब्रशानें माती झाडावी. गंजाचे सुटे पापुद्रे बांबूच्या कामटीनें, बळ न लावतां काढावे. मग शिलाईयंत्राचें पातळ खनिज तेल फडक्यावर घेऊन एक पुसट हात द्यावा आणि कोरड्या सुती फडक्यांत गुंडाळून ठेवावें. कातडी म्यानांत ठेवूं नये. खाडीकांठच्या खारट हवेंत लोखंड फार लवकर गंजतें. म्हणून पावसाळ्याच्या आधीं व नंतर एकदां पाहणी करावी. घामेजल्या हातानें धरूं नये. गंजक्या धारेनें कापल्यास धनुर्वाताचें भय असतें. जखम धुऊन डॉक्टराकडे जावें.

वस्तूची बाह्यरेषा कागदावर काढावी, मापें व वजन लिहावें, शेजारीं मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि ती कोठें, किती खोल, कशाबरोबर सांपडली हें टिपावें. एवढें टिपण असलें तर जाणत्या माणसास निम्में काम झाल्यासारखें वाटतें. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय येथें ताडून पाहण्याजोग्या वस्तू मांडलेल्या आहेत. केळकर संग्रहालयांत विळ्या, अडकित्ते अशीं घरगुती पातीं पुष्कळ असल्यामुळें अवजारांत रूपांतर झालेल्या वस्तूसाठीं तें विशेष उपयोगी पडेल.

कायदा

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनींत पुरलेली व दहा रुपयांहून अधिक किंमतीची वस्तु सांपडल्यास कलेक्टरास लेखी खबर देणें शोधणाऱ्याचें कर्तव्य आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी वस्तु पुरावस्तु ठरूं शकते, आणि अशी पुरावस्तु खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. शस्त्रांच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातीं मोडतात, परंतु शेतीच्या व घरगुती कामासाठीं केलेलीं पातीं त्यांतून वगळलीं आहेत. म्हणून विळीचें पातें घरांत राहण्यास अडचण नाहीं; सबंध तरवार निघाली तर मात्र पोलिसांकडे विचारणा करून मगच ठेवावी.

वस्तु अखेरीस साधा कोयता ठरली तर वाईट वाटून घेऊं नये. चांगल्या कमानपाट्याचा कोयता धार लावून पुन्हा कामास घ्यावा. त्यांत त्याचा मानच आहे. आणि ती तरवारीची ठरली, तर तिला घांसून पुन्हा तरवारीसारखी करण्याच्या भरीस पडूं नये. मोडक्या शस्त्रांतून भात कापणारें पातें कोणा लोहारानें काढलें आणि कोणा कुणब्यानें तें झिजेपर्यंत वापरलें, हीच तिची खरी हकीकत आहे. राजांच्या तरवारींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. शेतकऱ्याच्या विळ्याचा इतिहास शेतकऱ्यानेंच जपला तर राहील. तागडींत टाकण्यापूर्वीं अर्धा तास काढून वरील सात गोष्टी पाहाव्या, इतकेंच सांगणें आहे.